हार्ड डिस्कमधले बॅड सेक्टर: आधी डेटा बाहेर, मग तपासणी, मग दुरुस्ती

विंडोज सुरू होतं, ड्राइव्ह दिसतो, बहुतेक फोल्डर उघडतात. पण एका ठरावीक लग्नाच्या फोल्डरवर गेलं की कर्सरशेजारचं चक्र फिरत राहतं, मिनिटभर सगळं थिजतं आणि मग पुन्हा चालू होतं. मोंढ्यातल्या आडतीवर टॅलीतली एकच कंपनी उघडत नाही, बाकीच्या उघडतात. सेवा केंद्रात स्कॅन केलेली कागदपत्रं पेन ड्राइव्हवर घेताना कॉपी मध्येच थांबते आणि 'डेटा एरर, सायक्लिक रिडंडन्सी चेक' असा संदेश येतो. लक्षणं वेगवेगळी असली तरी पहिला संशय एकच घ्यायचा: डिस्कचा काही भाग नीट वाचला जात नाही.

लातूर असो, परभणी असो की उदगीर, अशा वेळी दुकानात येणारं वाक्य ठरलेलं असतं: "सर, लई स्लो झालंय, फॉरमॅट मारून द्या." एखादा जाणता मित्र विंडोजमधल्याच डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रामचं नाव सांगतो, "चेकडिस्क चालव, होईल नीट." हे दोन्ही उपाय चुकीच्या वेळी केले तर वाचण्यासारखा डेटाही जातो. आजारी डिस्क अजून किती वेळ वाचता येईल, हे कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून तिच्यावरचं पहिलं मोठं वाचन कॉपी करण्यासाठीच झालं पाहिजे. तपासणी आणि दुरुस्ती त्यानंतर. या लेखातला सगळा क्रम याच एका गोष्टीवर बेतलेला आहे.

सेक्टर खराब होतो म्हणजे काय

हार्ड डिस्कच्या आत चकत्या फिरतात आणि त्यांच्यावरून काही नॅनोमीटर उंचीवरून हेड सरकतं. चकतीवरची जागा छोट्या तुकड्यांत विभागलेली असते, तेच सेक्टर. जुन्या डिस्कमध्ये एक सेक्टर 512 बाइटचा असे. साधारण 2011 पासूनच्या बहुतेक डिस्कमध्ये तो प्रत्यक्षात 4096 बाइटचा असतो, पण संगणकाला मात्र 512 चे 8 तुकडे दाखवले जातात. म्हणून अनेक डिस्कवर खराब सेक्टरचा आकडा 8 च्या पटीत वाढताना दिसतो.

प्रत्येक सेक्टरसोबत चूक सुधारण्याचा कोड लिहिलेला असतो. थोडंफार चुकीचं वाचलं गेलं तर डिस्क त्यावरून दुरुस्त करून घेते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. दुरुस्तीच्या पलीकडे चूक गेली की डिस्क तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते. साध्या डेस्कटॉप डिस्कचा हा प्रयत्न एकेका सेक्टरवर कित्येक सेकंद चालू शकतो. संगणक थिजतो तो नेमका याच वेळात.

नापास झालेला सेक्टर डिस्क लगेच टाकून देत नाही. तो 'पेंडिंग' म्हणून नोंदवून ठेवते, कारण त्यातला डेटा कधीतरी वाचला जाईल अशी शक्यता असते. पुढे त्याच जागी काही नवं लिहायची वेळ आली की डिस्क लिहून बघते. लिखाण नीट बसलं तर सेक्टर पेंडिंगच्या यादीतून बाहेर येतो. नाही बसलं तर डिस्क राखीव ठेवलेल्या जागेतला एक सेक्टर त्याच्या ऐवजी वापरायला घेते. कापसाच्या ओळीत न उगवलेल्या जागी नांग्या भरतात, तसंच हे. थोड्या नांग्या प्रत्येक शेतात असतात. दर आठवड्याला नव्या पडू लागल्या तर मात्र रोग मुळाशी आहे असं समजावं.

खराबी दोन प्रकारची असते, आणि पुढचा निर्णय या फरकावर ठरतो. लिहिता लिहिता लाईट गेली, सेक्टर अर्धवट लिहिला गेला आणि त्याचा कोड जुळेना, तर ती तार्किक खराबी. पृष्ठभागाला काही झालेलं नसतं, पुन्हा लिहिलं की सेक्टर चांगला. पण हेड चकतीला घासलं, डिस्क पडली, पृष्ठभागाचा थर झिजला, तर ती भौतिक खराबी. ती कोणत्याही सॉफ्टवेअरनं दुरुस्त होत नाही, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो. आपल्याकडे डीपीवर मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं, पावसाळ्यात दिवसातून अनेकदा लाईट जाते, त्यामुळे पहिला प्रकारही भरपूर दिसतो. म्हणून पेंडिंगचा आकडा दिसला की डिस्क लगेच भंगारात टाकायची घाई नको. तिच्यावर विसंबून राहणं मात्र त्याच क्षणी थांबवायचं.

पहिली पायरी: आवाज ऐका

कुठलंही सॉफ्टवेअर उघडण्याआधी डिस्कजवळ कान न्या. टक, टक, टक असा ठरावीक अंतरानं आवाज येत असेल, खरवडल्यासारखं ऐकू येत असेल, किंवा चकती फिरायला लागून पुन्हा थांबत असेल, तर वीज बंद करा आणि पुढच्या घरगुती पायऱ्या करू नका. हेड बिघडलेलं असेल तर डिस्क चालू असलेलं प्रत्येक मिनिट चकतीचं नुकसान वाढवतं. अशा डिस्कचं काय करायचं ते शेवटाकडे सांगितलं आहे.

डिस्क उघडून बघण्याचा मोह पूर्ण टाळा. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या धुळीत तर नकोच, पण बंद एसी खोलीतही नको. हेड आणि चकतीतल्या अंतरापुढे धुळीचा साधा कण शेकडो पटींनी मोठा असतो. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्लाही अजून फिरतो. बाहेर काढल्यावर थंड चकतीवर दव धरतं आणि उरलीसुरली आशा संपते.

दुसरी पायरी: स्मार्टचे आकडे वाचा

डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवते. त्या व्यवस्थेला स्मार्ट म्हणतात. ही नोंद पाहायला काही सेकंद लागतात आणि त्यासाठी सगळी डिस्क वाचावी लागत नाही, म्हणून कॉपीच्या आधी करायला हरकत नाही. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम घ्या. लिनक्सवर जीस्मार्टकंट्रोल किंवा 'डिस्क्स' हा ॲप चालतो. क्रिस्टलडिस्कइन्फो कच्चे आकडे सोळा-आधारी पद्धतीत दाखवतो, त्यामुळे 10 दिसलं की ते प्रत्यक्षात 16 असतात. फंक्शन मेनूतल्या ॲडव्हान्स्ड फीचरमध्ये जाऊन रॉ व्हॅल्यूज दशमान करून घ्या म्हणजे गोंधळ होणार नाही.

यादी लांबलचक असते. त्यातल्या मोजक्याच ओळी कामाच्या.

05, म्हणजे रीअलोकेटेड सेक्टर काउंट: आजवर किती सेक्टर राखीव जागेत हलवले गेले. शून्य असणं उत्तम. लहान आकडा आणि तो कित्येक महिने तिथेच, तर डिस्क दुय्यम कामाला चालू शकते.

सी5, करंट पेंडिंग सेक्टर: आत्ता या क्षणी वाचता न येणारे सेक्टर. तुमच्या अडकलेल्या फाइल बहुधा इथेच आहेत. माझ्या मते सगळ्या यादीत ही ओळ सर्वांत आधी बघावी.

सी6, अनकरेक्टेबल: डिस्कच्या स्वतःच्या तपासणीत वाचता न आलेले सेक्टर. बहुतेक वेळा सी5 सोबतच हा हलतो.

बीबी, रिपोर्टेड अनकरेक्टेबल: दुरुस्त न झालेल्या किती चुका संगणकाला कळवाव्या लागल्या. सगळ्या कंपन्यांच्या डिस्कमध्ये ही ओळ नसते.

सी7, सीआरसी एरर काउंट: ही चूक चकतीवरची नव्हे, डिस्क आणि मदरबोर्डमधल्या वायरीवरची. याबद्दल खाली वेगळं सांगतो, कारण या एका ओळीमुळे चांगल्या डिस्क फेकल्या जाण्यापासून वाचतात.

01 आणि 07 या ओळींत सीगेटच्या डिस्कवर कोटींतले आकडे दिसतात. ते पाहून घाबरू नका. त्या कंपनीची मोजण्याची रीत वेगळी आहे आणि ते आकडे तसेच असतात.

वरती 'गुड' असं लिहिलेलं दिसलं तरी निश्चिंत राहू नका. 2007 मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कच्या नोंदी तपासून निष्कर्ष मांडले. स्कॅनमध्ये पहिली चूक सापडल्यानंतरच्या 60 दिवसांत ती डिस्क बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या 39 पट निघाली. त्याच अभ्यासात असंही दिसलं की बंद पडलेल्या निम्म्याहून जास्त डिस्कनी स्मार्टच्या चार सर्वांत महत्त्वाच्या खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती. म्हणजे स्मार्टनं धोका दाखवला तर तो खरा मानावा, आणि काही दाखवलं नाही तर ती हमी समजू नये.

आकडे दिसले की स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, तारीख आपोआप येईल. आकडा स्थिर आहे की चढतोय, हे नंतर या फोटोवरूनच कळतं.

एक्स्टर्नल डिस्कची कथा थोडी वेगळी. काही यूएसबी डब्या स्मार्टची माहिती पुढे जाऊच देत नाहीत, यादी रिकामी दिसते. डबी उघडून आतली डिस्क मदरबोर्डवरच्या साटा पोर्टला, म्हणजे डिस्क जोडायच्या जागेला, थेट लावता येते, पण त्याआधी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. काही डिस्कवर यूएसबीचं सॉकेट थेट सर्किट बोर्डवरच असतं, आत साटा सापडतच नाही. आणि काही मॉडेलमध्ये डबीतली चिप डेटा एन्क्रिप्ट करून लिहिते, त्यामुळे डिस्क वेगळी लावल्यावर सगळं निरर्थक दिसतं. अशी डिस्क पुन्हा मूळ डबीत लावूनच वाचावी लागते. तेव्हा विंडोजनं 'फॉरमॅट करायचं का?' असं विचारलं तर कॅन्सल करा.

तिसरी पायरी: वायर बदलून बघा

सी7 चा आकडा मोठा असेल आणि 05, सी5, सी6 शून्य असतील तर डिस्क बहुधा ठणठणीत आहे. मशीन बंद करा, साटा वायर दोन्ही बाजूंनी काढा, नवी लावा, जमलं तर मदरबोर्डवरचं पोर्टही बदला. पॉवरची पिन सैल आहे का ते पाहा. आपल्याकडे कॅबिनेट उघडलं की पंख्यापासून पिनांपर्यंत धुळीचा थर असतो. ब्लोअर मारायचा तर डिस्क आणि पंखे बंद असताना. सी7 चा जुना आकडा कधीच शून्यावर येत नाही, त्यामुळे वायर बदलल्यावर तो वाढायचा थांबला का, एवढंच बघायचं.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, अशी तक्रार जुन्या वाड्यांत आणि पत्र्याच्या गाळ्यांत नेहमीची. त्याचा अर्थ अर्थिंग नाही किंवा तुटलेलं आहे. हे आधी वायरमनकडून दुरुस्त करून घ्या. यात फक्त डिस्कचाच नव्हे, माणसाचाही जीव अडकलेला असतो.

चौथी पायरी: डेटा बाहेर काढा

सगळ्या लेखात मी सर्वांत जास्त आग्रहानं सांगेन ती ही पायरी. हिच्याआधी चेकडिस्क नको, डीफ्रॅग (फाइलचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं) नको, सरफेस स्कॅन (सगळा पृष्ठभाग वाचून तपासणं) नको, अँटिव्हायरसचा पूर्ण स्कॅन नको. आजारी डिस्कवर काही लिहूही नका, रिकव्हरीचा प्रोग्राम तिच्यावर इन्स्टॉल करणं तर लांबच राहिलं.

आजारी डिस्कवरच विंडोज असेल तर ते सुरू ठेवणं हेही तिच्यावर सतत लिहिणंच आहे. मशीन बंद करून डिस्क काढा आणि दुसऱ्या संगणकाला जोडा, किंवा पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करा. नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे डिस्क एन्क्रिप्ट करणारं विंडोजचं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून आधी लिहून घ्या. कीशिवाय दुसऱ्या मशीनवर काहीच वाचता येणार नाही.

आता कॉपीची पद्धत डिस्कच्या अवस्थेवर ठरवा.

पेंडिंग थोडे असतील, डिस्क शांत असेल, फोल्डर उघडत असतील, तर फाइल कॉपी पुरेशी आहे. क्रम मात्र महत्त्वाचा. पुन्हा मिळू न शकणारं आधी घ्या: टॅलीचा डेटा फोल्डर, गिऱ्हाइकांचे फोटो, सेवा केंद्रातल्या पावत्या, लेकरांचे व्हिडिओ. सिनेमे आणि सेटअप फाइल शेवटी, किंवा नाहीच. विंडोजची साधी कॉपी एका खराब फाइलवर येऊन अडून बसते. त्याऐवजी विंडोजमध्येच असलेला रोबोकॉपी वापरा. कमांड प्रॉम्प्टमध्ये त्याचं नाव, मग मूळ फोल्डर, मग नव्या डिस्कवरचा फोल्डर, मग स्लॅश ई, स्लॅश आर कोलन शून्य, स्लॅश डब्ल्यू कोलन शून्य, असं लिहायचं. आर आणि डब्ल्यूला शून्य का? कारण काहीच न सांगितल्यास रोबोकॉपी न वाचलेल्या फाइलसाठी 10 लाख वेळा प्रयत्न करतो आणि प्रत्येक प्रयत्नाआधी 30 सेकंद थांबतो. आजारी डिस्कला असं एका जागी ठोकत राहणं घातक आहे. शून्य दिलं की खराब फाइल सोडून तो पुढे जातो आणि शेवटी किती फाइल राहिल्या ते सांगतो.

पेंडिंग शेकड्यांत असतील, फोल्डर उघडायलाच मिनिटं लागत असतील किंवा ड्राइव्ह 'रॉ' (म्हणजे आतली फाइलची रचना विंडोजला ओळखता येत नाही) दिसत असेल, तर फाइलच्या मागे न लागता सगळ्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे एकाच फाइलमधली जशीच्या तशी नक्कल, काढा. त्यासाठी जीएनयूचा डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम माझ्या विश्वासाचा आहे. तो सिस्टमरेस्क्यू नावाच्या मोफत लिनक्समध्ये आधीपासून असतो. रूफस या प्रोग्रामनं ती पेन ड्राइव्हवर चढवा आणि मशीन तिच्यावरून सुरू करा. डीडीरेस्क्यूचं शहाणपण असं की सहज वाचलं जाणारं सगळं तो आधी उचलतो, अडचणीच्या जागा टाळत पुढे जातो आणि त्या शेवटी घेतो. कुठे काय वाचलं, काय राहिलं, हे तो एका मॅप फाइलमध्ये लिहीत जातो. मध्येच लाईट गेली तरी तीच मॅप फाइल देऊन काम जिथं थांबलं तिथून पुढे चालू करता येतं. लोडशेडिंगच्या गावात या एका सोयीची किंमत फार मोठी आहे.

लागणारी सामग्री: आजारी डिस्कपेक्षा मोठी, चांगली, रिकामी डिस्क, एनटीएफएस किंवा एक्सएफॅटमध्ये फॉरमॅट केलेली. फॅट32 चालणार नाही, त्यात 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. प्रतिमा आणि मॅप फाइल दोन्ही याच चांगल्या डिस्कवर ठेवायच्या.

आधी डिस्कची यादी काढून आकार, मॉडेल आणि सीरियल नंबर कागदावर लिहून घ्या. आजारी कुठली आणि चांगली कुठली, हे इथं चुकलं तर चांगल्याही डेटावर लिहिलं जाऊ शकतं. मग पहिली फेरी: डीडीरेस्क्यू, वजा डी, वजा एन, आजारी डिस्कचं नाव, प्रतिमेच्या फाइलचं नाव, मॅप फाइलचं नाव. स्रोत नेहमी आधी, प्रतिमा नंतर. वजा एनमुळे तो कठीण जागा खरवडत बसत नाही. ही फेरी संपल्यावर किती टक्के आलं ते पाहा. बऱ्याच डिस्कमध्ये जवळपास सगळं याच फेरीत येतं. त्यानंतर तीच कमांड वजा एन काढून आणि वजा आर 3 घालून द्या, म्हणजे उरलेल्या जागांवर तो तीन वेळा प्रयत्न करेल. या दुसऱ्या फेरीत वेग खूप पडतो. डिस्क गरम होत असेल तर थांबवा, थंड होऊ द्या, पुन्हा चालू करा. बाजूला टेबल फॅन लावून ठेवा. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा 42-43 अंशांवर असताना हे काम शक्यतो रात्री करावं.

वेळेचा अंदाज असा: 1 टीबीची निरोगी डिस्क सेकंदाला 100 एमबी वेगानं वाचली तरी पावणेतीन तास लागतात. जुन्या यूएसबी 2 पोर्टवर तेच आठ-नऊ तास. आजारी डिस्कला याहून कितीतरी जास्त.

प्रतिमा मिळाल्यावर आजारी डिस्क बाजूला ठेवून द्या. पुढचं सगळं प्रतिमेवर. ती सेव्हन-झिपनं उघडून बघता येते, ओएसएफमाउंटनं फक्त-वाचनीय ड्राइव्ह म्हणून जोडता येते. फोल्डरची रचनाच मोडली असेल तर टेस्टडिस्क आणि त्याच्याच सोबत येणारा फोटोरेक वापरा. फोटोरेक फोटो आणि व्हिडिओ शोधून काढतो, पण फाइलची मूळ नावं परत येत नाहीत. स्टुडिओवाल्यांना नंतर तारखेवरून लग्नं वेगळी करत बसावं लागतं. कष्टाचं आहे, पण फोटो हातात असतात.

पाचवी पायरी: आता तपासा

डेटा दोन ठिकाणी सुरक्षित झाला, उघडून खात्री केली, की मग डिस्कशी हवं ते करायची मोकळीक मिळते.

आधी डिस्कची स्वतःची लाँग टेस्ट चालवा, जीस्मार्टकंट्रोलमध्ये ती एका क्लिकवर मिळते. शॉर्ट टेस्ट दोनेक मिनिटांची असते आणि सगळा पृष्ठभाग वाचत नाही, तिच्यावर समाधान मानू नका. लाँग टेस्टमध्ये पहिली खराब जागा सापडली की बऱ्याच डिस्क तिथेच थांबतात आणि त्या जागेचा क्रमांक देतात. सगळा नकाशा हवा असेल तर एचडीडीस्कॅन किंवा व्हिक्टोरियामध्ये फक्त वाचनाची चाचणी घ्या. व्हिक्टोरियात 'इग्नोअर' निवडा. 'इरेज' हा पर्याय डेटा पुसतो.

नकाशा कसा वाचायचा? खराब जागा एकाच पट्ट्यात, सलग, असतील तर तिथं पृष्ठभाग खरवडला गेल्याचा संशय येतो. ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा येत असतील तर एखादं हेड कमजोर झालं असावं. इथे एक, तिथे दोन, अशा विखुरलेल्या आणि मोजक्या असतील तर वीज जाण्याचा परिणाम असण्याची बरीच शक्यता. वाचलं जातंय पण 500 मिलिसेकंदांहून जास्त लागतात अशा जागांचीही नोंद घ्या. उद्याचे बॅड सेक्टर बऱ्याचदा तेच असतात.

सहावी पायरी: दुरुस्ती, जितकी होते तितकी

पेंडिंग सेक्टरचा निकाल लागायचा तर त्यावर नवं लिहावं लागतं. म्हणून पूर्ण फॉरमॅट करा, 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढून. विंडोज व्हिस्टापासून पुढे पूर्ण फॉरमॅट सगळ्या पार्टिशनवर शून्य लिहितो. क्विक फॉरमॅट फक्त यादी नवी करतो, सेक्टर जसे होते तसेच राहतात. दुकानात पंधरा मिनिटांत 'फॉरमॅट मारून' मिळालेली डिस्क महिन्याभरात पुन्हा अडकते, त्याचं कारण बऱ्याचदा हेच. 'लो लेव्हल फॉरमॅट' या नावानं मिळणारे प्रोग्रामही शून्यच लिहितात. खरा लो लेव्हल फॉरमॅट कारखान्यात होतो.

फॉरमॅटनंतर स्मार्टची पहिल्या फोटोशी तुलना करा. सी5 शून्य झाला आणि 05 तसाच राहिला, तर खराबी तार्किक होती, पृष्ठभाग चांगला आहे. सी5 शून्य झाला पण 05 तितकाच वाढला, तर ते सेक्टर खरोखर गेले आणि राखीव जागा वापरली गेली. दोन्ही बाबतीत वाचनाची पूर्ण चाचणी पुन्हा घ्या, आठवड्यानं पुन्हा एकदा घ्या. आकडे हलले नाहीत तर ती डिस्क सिनेमे, सेटअप किंवा बॅकअपची तिसरी प्रत यासाठी ठेवा. हलले, अगदी थोडे हलले, तरी तिला निवृत्त करा. एकुलत्या एक प्रतीसाठी मी अशी डिस्क कुणालाही देत नाही, फुकट मिळाली तरी.

चेकडिस्कचं स्थान इथे, शेवटी आहे. स्लॅश एफ फाइलची रचना दुरुस्त करतो. स्लॅश आर त्याशिवाय सगळी डिस्क वाचून खराब जागांवर खूण करतो, म्हणजे विंडोज पुन्हा तिथं लिहीत नाही. सेक्टर तो बरे करत नाही. डेटा बाहेर काढण्याआधी चालवला तर अर्धवट वाचलेल्या फोल्डरचे तुकडे करून फाउंड नावाच्या फोल्डरात टाकतो, आणि ते पुन्हा जुळवणं फार अवघड असतं. अजून एक बारीक गोष्ट: जुन्या डिस्कचं क्लोन (हुबेहूब प्रत) नव्या डिस्कवर घेतलं तर खराब जागांच्या खुणाही सोबत येतात आणि नवी कोरी डिस्क आजारी वाटते. नव्या डिस्कवर स्लॅश बी देऊन चेकडिस्क चालवलं की त्या खुणा नव्यानं तपासल्या जातात.

वॉरंटी बाकी असेल तर दुरुस्तीच्या खटपटीत न पडता सीरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून बघा. वॉरंटी डिस्कची असते, डेटाची नसते. दिलेली डिस्क परत येत नाही, तिच्याऐवजी दुसरी येते.

प्रयोगशाळेत कधी न्यायचं

टकटक आवाज, पडलेली डिस्क, बायोसमध्येही (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) न दिसणारी डिस्क, आणि आत किंमत न करता येणारा डेटा: एवढं असेल तर पुण्या-मुंबईतल्या, स्वच्छ खोली असलेल्या डेटा रिकव्हरी प्रयोगशाळेत द्यावी. आधी फोनवर विचारा: तपासणीचं शुल्क किती, डेटा न मिळाल्यास किती, डिस्क उघडण्याआधी आमची परवानगी घेणार का. उत्तरं लेखी घ्या. डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत, बबल रॅपच्या दोन-तीन थरांत गुंडाळा आणि ट्रॅव्हल्सच्या डिकीत न टाकता स्वतः मांडीवर घेऊन जा. गावातल्या कुणी 'मी उघडून हेड सरळ करून देतो' म्हटलं तर नम्रपणे नको म्हणा. एकदा साध्या खोलीत उघडलेल्या डिस्कमधून डेटा मिळण्याची शक्यता फारच कमी होते.

पुन्हा होऊ नये म्हणून

विजेपासून सुरुवात करा. घरच्या इन्व्हर्टरवर संगणक चालवत असाल तर त्याच्या मागच्या बाजूला यूपीएस मोडचं बटण आहे का ते बघा. साध्या मोडमध्ये बदल होताना लागणाऱ्या क्षणभरात अनेक मशीन रिस्टार्ट होतात, यूपीएस मोडमध्ये बहुधा होत नाहीत. जुलैत पीकविम्याची मुदत जवळ आली की सेवा केंद्रात दिवसभर गर्दी असते आणि लाईट तर जाणारच. तिथं संगणकाला स्वतंत्र यूपीएस हवाच. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते, प्लग काढून किती मिनिटं टिकते ते अधूनमधून बघा.

स्टुडिओवाल्यांना खास विनंती आहे. लग्नसराईत कॅमेऱ्याचं कार्ड लगेच रिकामं करावं लागतं, हे मान्य. पण दोन वेगळ्या डिस्कवर प्रत गेल्याशिवाय कार्ड पुसू नका, आणि त्या दोन्ही डिस्क एकाच कपाटात ठेवू नका. एक्स्टर्नल डिस्क चालू असताना हलवू नका, 'सेफली रिमूव्ह' केल्यावरच वायर काढा. टॅलीचा बॅकअप रोज संध्याकाळी पेन ड्राइव्हवर आणि गूगल ड्राइव्हवर. सगळा मिळून पाच मिनिटांचा उद्योग आहे.

महिन्यातून एकदा क्रिस्टलडिस्कइन्फो उघडून 05, सी5, सी6 बघून घ्या. तापमान 50 अंशांच्या वर जात असेल तर हवा खेळती करा. बहुतेक डिस्कची मर्यादा 60 अंश असते.

हे सगळं फिरत्या चकतीच्या डिस्कबद्दल आहे. एसएसडीला सरफेस स्कॅन आणि वारंवारचा पूर्ण फॉरमॅट लावू नका, त्यानं फक्त तिचं लिखाणाचं आयुष्य खर्च होतं. तिथं बॅकअप घ्या आणि तक्रार दिसली की बदला.

निवृत्त केलेली डिस्क भंगारवाल्याला तशीच देऊ नका. सेवा केंद्राच्या डिस्कवर शेकडो लोकांच्या आधार कार्डाच्या, बँक पासबुकांच्या प्रती असतात. चालत असेल तर आधी पूर्ण शून्य लिहा. पण राखीव जागेत हलवलेल्या सेक्टरमधला जुना डेटा त्यानं जात नाही, आणि डिस्क चालतच नसेल तर शून्य लिहिताही येत नाही. म्हणून दोन्ही बाबतीत चकत्यांतून ड्रिलनं आरपार भोकं पाडा. लॅपटॉपच्या छोट्या डिस्कमधल्या चकत्या बऱ्याचदा काचेच्या असतात आणि फुटून उडतात, त्यामुळे डिस्क आधी जाड गोणपाटात गुंडाळा, डोळ्यांवर चष्मा चढवा आणि मगच ड्रिल हातात घ्या.